अडीच किलोची चूक

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कासारवाडीत, रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत ज्योतीराम काकांची व्यायामशाळा आहे. तिच्या दारातून आत शिरलात की डाव्या हाताला, मोठ्या आरशाच्या कडेला मी उभा असतो. हल्लीच्या काट्यांसारखा मी जमिनीला चिकटलेला नाही. माझी उंची चांगली पाच फूट आहे. खाली बिडाचा जड पाया, मध्ये लोखंडी खांब आणि वर पितळेची आडवी दांडी. दांडीवर दोन वजनं सरकतात, एक मोठं आणि एक छोटं. माणूस माझ्यावर उभा राहिला की ही वजनं पुढं न्यायची आणि दांडी सरळ तरंगली की थांबायचं. मला वीज लागत नाही की सेल लागत नाहीत. चाळीस वर्षांत मी हजारो माणसं तोलली आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. तरी आज मी तुम्हाला माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकीकत सांगणार आहे, कारण त्या चुकीतून एक मुलगी कशी सावरली ते सांगण्याजोगं आहे.

माझा जन्म गुजरातमधल्या एका लहान कारखान्यात झाला. माझ्या दांडीवरचे आकडे एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने कोरले. तिथून मी रेल्वेने पिंपरीला आलो आणि एका मोठ्या कंपनीच्या दवाखान्यात उभा राहिलो. वर्षातून एकदा सगळ्या कामगारांची तपासणी व्हायची. निळ्या कपड्यांतली माणसं रांगेने यायची, बूट काढायची आणि माझ्यावर उभी राहून श्वास रोखून धरायची, जणू श्वास सोडला तर वजन वाढेल. तिथले कंपाउंडर मोठे शिस्तीचे होते. दर सोमवारी ते मला तेलाच्या फडक्याने पुसायचे आणि माझी रिकामी दांडी सरळ आहे की नाही ते बघायचे. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

पुढे कंपनी चाकणला गेली. तिथल्या दवाखान्यात नवा, आकडे चमकवणारा काटा आला. मी पिंपरीच्या जुन्या कॅन्टीनच्या मागे मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात जाऊन पडलो. दोन पावसाळे माझ्यावरून गेले. माझा खांब गंजला, दांडी काळी पडली. भंगाराचा टेम्पो यायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या एका फिटरने मला पाहिलं. तेच ज्योतीराम काका. मावळातल्या एका गावचे, तालमीत वाढलेले. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि कासारवाडीत व्यायामशाळा काढायचं मनात धरलं होतं. साहेबांना ते म्हणाले, "ह्यो काटा मला द्या. मी ह्याच्यावर बावीस वर्सं उभा ऱ्हायलोय." त्यांनी मला रॉकेलने धुतलं, पॉलिश कागदाने घासलं आणि हिरवा रंग दिला. माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

आता भाग्यश्रीबद्दल सांगतो. ती पहिल्यांदा आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. राहायला आकुर्डीत, नोकरी चाकणच्या एका कंपनीत. गाड्यांचे सुटे भाग मोजून, तपासून पुढे सोडायचं काम. सकाळची शिफ्ट संपली की कंपनीची बस तिला नाशिक फाट्यावर सोडायची आणि ती तिथून पायी व्यायामशाळेत यायची. कॉलेजात ती कबड्डी खेळलेली होती. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाच्या पहिल्या रांगेत असायची. खांदे रुंद, मांड्या मजबूत, आवाज खणखणीत. तिने काकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की तिला फिटनेस मॉडेल व्हायचं आहे. खेळाच्या कपड्यांच्या जाहिरातीत ज्या कसदार शरीराच्या मुली दिसतात, त्यांच्यातली एक व्हायचं आहे.

काकांना मॉडेलिंगमधलं काही कळत नव्हतं. ते त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "फोटूचं तू बघ. ताकदीचं माझ्याकडं. पर एक वर्स मी सांगीन तसं खायाचं आन् सांगीन तसं झोपायचं. जमंल?"

"जमेल, काका," ती म्हणाली.

आणि तिने ते जमवलं. मित्रांनो, शिस्त म्हणजे काय ते मी त्या वर्षात पाहिलं. सकाळी बसमध्ये चार उकडलेली अंडी आणि एक केळं. दुपारी कॅन्टीनचा भात बाजूला सारून घरची ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी आणि दही. व्यायामानंतर चणे, रात्री भाजी आणि डाळ, शनिवारी आणि बुधवारी चिकन. मैत्रिणी वडापाव खायला निघाल्या की ती त्यांच्यासोबत जायची, गप्पा मारायची आणि नुसता चहा पिऊन परत यायची. दहाच्या आत झोप. महिन्यातून एक दिवस मनाला येईल ते खायची मुभा, आणि तो दिवसही ती ठरवून घ्यायची. काका तिला आधी नुसतं उठणं-बसणं शिकवत होते. तीन महिन्यांनी तिच्या हातात लोखंडी रॉड दिला. सुरुवातीला बारला लटकून तिला स्वतःला एकदाही वर ओढता येत नव्हतं. वर्ष संपता संपता ती सलग नऊ वेळा हनुवटी बारच्या वर नेऊ लागली. जिममधले पुरुष आपापला व्यायाम थांबवून बघायचे.

दर रविवारी ती माझ्यावर उभी राहायची. आली तेव्हा सहासष्ट किलो होती. दिवाळीच्या तोंडावर ती साडेसाठवर आली. घाईने उतरलेलं वजन नव्हतं ते. तिचा चेहरा टवटवीत होता, पावलं ठाम पडत होती.

त्याच सुमारास सुजित आला. रावेतमध्ये त्याचं छोटं ऑफिस होतं आणि जाहिरातींसाठी मॉडेल मिळवून द्यायचं काम तो करायचा. कोणीतरी काढलेला भाग्यश्रीचा व्हिडिओ बघून तो स्वतः व्यायामशाळेत आला होता. माणूस वाईट नव्हता. त्याने तिला साधं गणित सांगितलं. खेळाच्या कपड्यांची एक जाहिरात आहे, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी निवड आहे, कॅमेरा माणसाला जाड दाखवतो, तेव्हा त्या लोकांना अठ्ठावन्न किलोपर्यंतची मुलगी हवी. काकांनी विचार केला आणि म्हणाले की अडीच किलो सहा-सात आठवड्यांत अंगाला न लागता उतरेल. भाग्यश्रीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला.

मग दिवाळी आली. व्यायामशाळेला चार दिवस सुट्टी होती आणि काकांनी तेवढ्यात भिंतींना रंग काढायला घेतला. रंगाऱ्यांनी मला तिरका करून, फरशीवरून खरडत कोपऱ्यात नेलं. परत आणताना माझ्या दांडीचं मागचं टोक भिंतीवर आपटलं. त्या टोकाला एक छोटा पितळी नट आहे. तो माझा तोल धरतो. तो फिरला आणि सरकला. मला कळलं, पण मला तोंड कुठे आहे? मी गप्प उभा राहिलो.

सुट्टीनंतरच्या रविवारी भाग्यश्री माझ्यावर उभी राहिली आणि दांडी त्रेसष्टवर सरळ झाली.

ती उतरली आणि पुन्हा चढली. त्रेसष्टच. तिच्यामागे इतरही चढले आणि प्रत्येकाचंच वजन वाढलेलं निघालं. सगळे हसले. रणजीत नावाचा एक जण म्हणाला की चकल्या बोलायला लागल्या राव. सगळ्यांना ते पटलं, कारण सगळ्यांनीच फराळ खाल्ला होता. भाग्यश्रीने चार दिवसांत दोन करंज्या आणि मूठभर चिवडा खाल्ला होता. तिला मात्र हसू आलं नाही. हातात चार आठवडे होते आणि तिच्या हिशेबाने पाच किलो उतरवायचे होते.

कोणी माझी रिकामी दांडी बघितली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिल्या आठवड्यात तिने भाकरी बंद केली. दुसऱ्या आठवड्यात दही आणि चणे. मग तिने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं की मीठ आणि पाणी तोडलं की वजन झपाट्याने उतरतं. काकांना तिने यातलं काही सांगितलं नाही. पण ते तालमीतले होते. आकड्यापेक्षा अंग वाचायची त्यांना सवय होती. एके संध्याकाळी रॉड तिच्या हातातून अर्ध्यावरूनच खाली आला तेव्हा ते म्हणाले, "काटा उतरतोय, पर ताकदबी उतरतिया. हे लक्षण बरं न्हाई. जेवतीस ना?" ती हो म्हणाली. हातात घेतलेली पाण्याची बाटली तिने तशीच भरलेली परत ठेवली. ते मी पाहिलं.

ती आता रोज माझ्यावर चढू लागली. आल्यावर एकदा, जाताना एकदा. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. माझ्या दांडीवरचं छोटं वजन ती बोटाच्या टोकाने किंचित मागे सरकवून बघायची, दांडी तरीही सरळ राहते का ते बघायची. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी माझी दांडी अठ्ठावन्नवर सरळ झाली. भाग्यश्री हसली. मित्रांनो, त्या हसण्याइतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. कारण खरं वजन साडेपंचावन्न होतं.

मंगळवारी दुपारी ती कंपनीत, कामाच्या टेबलापाशी उभी असताना कोसळली. कपाळ टेबलाच्या कडेला लागलं आणि तीन टाके पडले. कंपनीच्या गाडीने तिला दवाखान्यात नेलं. रात्रभर सलाइन लावलं. डॉक्टरांनी सांगितलं की अंगातलं पाणी आणि क्षार इतके उतरले होते की आणखी एक-दोन दिवसांत हृदयाला धक्का बसला असता. हे सगळं मला गुरुवारी कळलं. त्या संध्याकाळी ती व्यायामशाळेत आली, आणि सोबत तिचे वडील होते.

तिचे वडील विलासराव मूळचे लातूरकडचे. तेही चाकणलाच, पण दुसऱ्या एका कंपनीत कामाला. त्यांचं काम वेगळंच होतं. कारखान्यातले भाग ज्या मापांनी मोजतात, ती मापंच बरोबर आहेत की नाहीत हे तपासायचं. शांत माणूस. काका त्यांना बघून उठून उभे राहिले. दोषी माणसासारखे हात पुढे बांधून उभे राहिले.

"ज्योतीरामभाऊ, मी भांडायला आलो नाही," विलासराव म्हणाले. "दिवाळीत माझ्या डोळ्यांदेखत पोरीनं दोन करंज्या खाल्ल्या. दोन करंज्यांनी अडीच किलो वाढत नाही. मला तुमचा काटा बघू द्या."

ते माझ्यासमोर आले. खिशातून रुमाल काढून त्यांनी आधी माझी दांडी पुसली. मग दोन्ही वजनं शून्यावर नेली. माझ्यावर कोणीही उभं नव्हतं. दांडी सरळ तरंगायला हवी होती. ती टोक वर करून तशीच चिकटून राहिली. विलासरावांनी छोटं वजन हळूहळू पुढे सरकवलं. एक किलो. दोन किलो. अडीचवर दांडी सरळ झाली.

रणजीतने हातातले डंबेल्स आवाज न करता खाली ठेवले.

बाकावर बसलेली भाग्यश्री म्हणाली, "म्हणजे मी दोन आठवड्यांपूर्वीच अठ्ठावन्नवर होते."

काका खाली बघत म्हणाले, "चूक माझी हाय, विलासराव. काटा हलिवला आन् तपासला न्हाई. बावीस वर्सं फिटर होतो मी. मला कळाया पायजे होतं."

विलासराव लेकीजवळ जाऊन बसले. तिच्या हाताला सलाइनची पट्टी अजून तशीच होती. ते म्हणाले, "आमच्याकडं एखादा भाग मापात बसला नाही, तर आम्ही आधी माप तपासतो. चांगल्या भागाला कानस लावून घासत बसत नाही. तू आठ तास हेच काम करतेस ना, बेटा? मग स्वतःच्या बाबतीत कसं विसरलीस?"

ती म्हणाली, "पप्पा, काटा चुकला हे खरं. पण पाणी मी बंद केलं. काका विचारत होते तेव्हा खोटं मी बोलले. ते काट्याने सांगितलं नव्हतं."

मित्रांनो, तिने माझ्यावर सगळा दोष ढकलला असता तरी मी तो सोसला असता. तिने तसं केलं नाही. त्या दिवसापासून ती मला आणखी मोठी वाटू लागली.

विलासरावांनी नट फिरवून माझा तोल बरोबर केला. भाग्यश्री माझ्यावर उभी राहिली. छप्पन्न. निवडीला तीन दिवस उरले होते. सुजितचा फोन आला तेव्हा तिने खरं वजन सांगितलं, आणि तो खूश झाला. पडल्याचं त्याला माहीत नव्हतं, तेही तिने सांगितलं. टाके झाकता येतात, रविवारी ये, असंच काहीतरी तो म्हणाला असावा. फोन चालूच ठेवून तिने तो बाकावर ठेवला आणि ती बारकडे गेली. काका अडवायला पुढे झाले, पण विलासरावांनी त्यांना हाताने थांबवलं. ती लटकली. एकदा वर गेली. दुसऱ्यांदा निम्म्यावर थरथरली आणि खाली उतरली.

मग तिने फोन उचलून कानाला लावला. तिचा आवाज अगदी शांत होता. "सुजित सर, मी रविवारी येणार नाही. मी आत्ता दिसायला बारीक आहे, पण माझ्यात जोर नाही. नसलेल्या ताकदीचा फोटो मला काढून घ्यायचा नाही. तीन महिने द्या. तेव्हा मला काम मिळालं नाही तरी चालेल."

ती जाहिरात दुसऱ्या मुलीला मिळाली. ते मोठं काम होतं आणि भाग्यश्रीच्या हातून ते गेलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. त्या रविवारी ती व्यायामशाळेत आली, आरशासमोरच्या चटईवर बसली आणि डब्यातली भाकरी-मटकी सावकाश खाल्ली. काकाही तिच्यासमोर आपला डबा उघडून बसले.

पुढचे तीन महिने काकांनी तिला माझ्यावर चढू दिलं नाही. काय उचललं ते लिहायचं, काय खाल्लं ते लिहायचं, किती झोप झाली ते लिहायचं. बाकी काही नाही. तिचा चेहरा भरला, आवाज परत आला. जानेवारीत ती सात वेळा बारच्या वर गेली आणि फेब्रुवारीत अकरा वेळा. विलासराव दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यायचे, मला पुसायचे, माझी रिकामी दांडी बघायचे आणि एक चहा पिऊन जायचे. दवाखान्यातले ते कंपाउंडर गेल्यावर इतक्या आस्थेने मला कोणी हाताळलं नव्हतं.

मार्चमध्ये सुजितने शब्द पाळला. व्यायामाची साधनं बनवणाऱ्या भोसरीच्या एका कंपनीला जाहिरातपट काढायचा होता. निवडीला सहा मुली आल्या होत्या. तिथे काय झालं ते सुजितने दुसऱ्या दिवशी येऊन काकांना सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. दिग्दर्शकाला बारवरचं एकच दृश्य हवं होतं, पण प्रकाश मनासारखा जमेना. तो पुन्हा करा, पुन्हा करा म्हणत राहिला. दोन मुलींचे हात तिसऱ्या खेपेला सुटले. बाकीच्या दमून खाली बसल्या. भाग्यश्री सकाळी पोटभर खाऊन गेली होती. तिने ते दृश्य चौदा वेळा दिलं, आणि चौदाव्या वेळीही तिच्या चेहऱ्यावर ताण नव्हता. शेवटी कंपनीच्या माणसाने तिला वजन विचारलं. ती म्हणाली, साठ. तो म्हणाला, दिसत नाही. ती म्हणाली, "साठ आहे म्हणूनच चौदा वेळा झालं, सर."

ते काम तिला मिळालं. त्यानंतर आणखी दोन मिळाली. गेल्या वर्षी तिने चाकणची नोकरी सोडली. कपाळावरची टाक्यांची खूण ती फोटोत झाकू देत नाही.

माझे दिवस मात्र पालटले. व्यायामशाळेत एक नवं यंत्र आलं आहे. त्यावर उभं राहिलं की ते वजन, चरबी, पाणी, हाडं सगळं कागदावर छापून देतं. लोक आता त्याच्यापुढे रांग लावतात आणि माझ्या दांडीवर ओले टॉवेल वाळत घालतात. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण विलासराव अजून पहिल्या तारखेला येतात आणि आधी टॉवेल काढून ठेवतात.

आता दर शनिवारी दुपारी भाग्यश्री मुलींना शिकवते. मध्यंतरी करिष्मा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आली. मोबाइलमधला एक फोटो दाखवून तिने विचारलं, "ताई, अशी दिसायला मला किती किलो कमी करावे लागतील?"

भाग्यश्रीने तिला विचारलं की आज काय खाल्लंस. करिष्मा म्हणाली, फक्त काळी कॉफी. तेव्हा भाग्यश्रीने तिला त्या दिवशी काहीही शिकवलं नाही. घरी जा, जेव आणि पुढच्या शनिवारी ये, असं सांगितलं. पुढच्या शनिवारी करिष्मा जेवून आली आणि निदान वजन तरी करू द्या म्हणून मागे लागली. तेव्हा भाग्यश्री म्हणाली की बारवर एकदा वर जाता आलं की वजन करू.

त्याला अडीच महिने लागले. एका शनिवारी दात-ओठ खात, पाय हवेत झाडत करिष्माची हनुवटी बारच्या वर गेली. ती खाली उतरली ती नाचतच. सगळ्या मुलींनी तिला मिठ्या मारल्या. तिने आईला फोन लावला, पिशवी उचलली, माझ्या अगदी शेजारून बोलत बोलत गेली आणि वजन करायचं साफ विसरून घरी गेली.

मित्रांनो, आपल्यावर कोणी उभं न राहिल्याचा आनंद होणारा वजनकाटा तुम्ही पाहिला नसेल. त्या दिवशी मला तो झाला. तुमच्या व्यायामशाळेत, दवाखान्यात किंवा दुकानात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला महिन्यातून एकदा पुसा आणि त्याची दांडी सरळ आहे का ते बघा. आम्हाला आमची चूक सांगता येत नाही. आणि माझ्याकडे जरूर या, मी अजून ठणठणीत आहे. फक्त येताना जेवून या.